साडेतीन बोटं

"डार्लीन, तुझ्या कागदावर लव्हॉनची सही कुठंय?" मिसेस रेनशॉंनी गुरुवारी भर वर्गात विचारलं, आणि सगळे हातातलं काम सोडून माझ्याकडे बघायला लागले. मी हातमोज्यांच्या खोक्यावरची अक्षरं वाचत बसले होते. काहीतरी थाप मारावी म्हणून तोंड उघडणार, तेवढ्यात मागून लव्हॉन पर्नेलच म्हणाली, "राहू द्या हो मॅडम. मिस डार्लीनना कोंबडीचं पांढरं मांसच चालतं. तंगडीच्या काळ्या मांसाला त्या हात लावत नाहीत." कुणीतरी नाकातून हसलं. मग हसावं की नाही ते कुणालाच कळेना. लव्हॉन काळी आहे. माझ्या आजोबांपासून आम्ही सगळे उन्हात लालबुंद होणारे गोरे. वर्गात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. माझे कान तापले, मान खाली गेली, आणि बघणाऱ्यांना वाटलं असणार की बाई शरमली. शरम नव्हती ती. मला हायसं वाटलं होतं. चला, म्हणजे यांना असं वाटतंय तर, असं मनात आलं. खरं काय आहे ते अजून कुणाला कळलेलं नाही.

मिसेस रेनशॉ हसल्या नाहीत. त्या कधीच हसत नाहीत. तीस वर्षं दवाखान्यात लोकांचं रक्त काढून आता त्या काउंटीच्या कॉलेजात आम्हाला ते शिकवतात, आणि बारा जणांतले निम्मे तरी नापास व्हावेत अशीच त्यांची मनोमन इच्छा असावी. "सोमवारपर्यंत," त्या म्हणाल्या. "अकराच्या अकरा सह्या. नाहीतर दवाखान्यात पाठवायच्या यादीत तुझं नाव नसेल." मग त्यांनी माझा कागद टेबलावर टाकला. कागदावर अकरा चौकोन आहेत. प्रत्येकानं वर्गातल्या बाकीच्या अकरा जणांच्या हातातून एकेकदा रक्त काढायचं, आणि ज्याचा हात त्यानं सही करायची. मी दहा सह्या मिळवल्या होत्या. लव्हॉनची पाळी आली की मला बाथरूमला लागायची, नाहीतर सुया संपलेल्या असायच्या, नाहीतर मी म्हणायचे, "तू दमलेली दिसतेस, पुढच्या वेळी बघू." असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा ती बाही वर करून, हात टेबलावर टाकून बसली होती, आणि मी टेरेलकडे गेले. टेरेलही काळाच आहे. पण तो पोरगा वजनं उचलतो. त्याच्या शिरा कातडीवर दोऱ्यांसारख्या उठलेल्या असतात, आंधळ्यालाही दिसतील. हे लव्हॉनला कसं सांगणार? तिनं आपला हिशेब केला आणि बाही खाली ओढली. तिचा हात गोल, भरलेला, गडद आणि गुळगुळीत आहे. त्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. तिथं बोटानंच शोधावं लागतं, आणि माझ्या बोटांना काही कळत नाही.

अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं, आणि अनामिकेची अर्धी बाजू. दोन्ही हातांची. साडेतीन साडेतीन बोटं. ती हलतात, सुई धरतात, बटण लावतात, पण मी डोळ्यांनी पाहिलं तरच. डोळे मिटले की ती माझी नसतात. बावीस वर्षं मी कोंबड्यांच्या प्लांटमध्ये तंगड्या सोलल्या. तंगडीला हात लावत नाही म्हणे! पट्ट्यावरून तंगडी यायची, हाडाच्या कडेनं सुरी फिरवायची, मांस इकडे, हाड तिकडे, की पुढची हजर. ती खोली इतकी गार की तोंडातून वाफ निघायची. बुटांतून गारवा गुडघ्यांपर्यंत चढायचा. आधी हातांना मुंग्या यायच्या, मग त्या दुखायला लागल्या, मग एक दिवस दुखायचं थांबलं, आणि मला वेडीला वाटलं बरं झालं. प्लांटच्या नर्सनं हात गरम मेणात बुडवले, दोन गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "वय होतंय आता तुमचं." मी बेचाळीसची होते. त्या उन्हाळ्यात आम्ही बहिणीच्या, बॉनीच्या, अंगणात वर्तमानपत्र पसरून खेकडे फोडत बसलो होतो. सगळे बोलत होते, मीही बोलत होते, आणि बॉनी एकदम किंचाळली. माझ्या समोरचा कागद रक्तानं भिजला होता. खेकड्याच्या कवचानं बोट उभं चिरलं होतं आणि मी त्याच बोटानं मांस काढून खात होते. त्यानंतर मी खेकडे सोडले. मला ते पचत नाहीत असं सगळ्यांना सांगितलं. आमच्या भागात खेकडे न खाणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयानंच बघतात, पण तेवढं चालवून घेतात.

मग मागच्या वर्षी प्लांट बंद झाला. ज्यांची कामं गेली त्यांना कॉलेजात एकदा, फक्त एकदा, फुकट शिकता येईल असं पत्र आलं. यादीत वेल्डिंग होतं, ट्रक चालवणं होतं, आणि रक्त काढणं होतं. मी रक्त निवडलं, कारण पत्राबरोबरच्या चित्रात एक बाई अर्ध्या बाह्यांच्या कपड्यात खुर्चीवर बसलेली होती. अर्ध्या बाह्या. म्हणजे ती खोली उबदार असणार. मी काही कुणाची सेवा करायला वगैरे आलेली नाही. मला बसायला खुर्ची हवी होती आणि गार नसलेली खोली हवी होती. बोटांचा विचार मी केला नाही. सुई तर डोळ्यांनीच टोचायची असते, असं मला वाटलं.

पहिल्याच दिवशी मिसेस रेनशॉंनी प्रत्येकाला आपल्या डोक्यातला एक केस उपटायला लावला. तो केस कागदाखाली ठेवायचा, डोळे मिटायचे आणि बोटानं कागदावरून शोधायचा. सापडला की आणखी एक कागद वर ठेवायचा. "डोळे खोटं बोलतात," त्या टेबलांमधून फिरत म्हणाल्या. "निळं दिसतं तिथं शीर असेलच असं नाही. बोट खोटं बोलत नाही. ज्याला बोटानं कळत नाही त्यानं माझा वेळ खाऊ नये, आत्ताच उठून जावं." मी पापण्या अर्धवट मिटून केस कुठं ठेवला ते बघून ठेवलं, आणि तीन कागदांखालचा केस "सापडला" म्हणून सांगितलं. लव्हॉनला पाच कागदांखालचा सापडला. ती मोठ्यानं हसली आणि म्हणाली, "शाळेची बस चालवते मी. पाठीला डोळे आहेत, बोटांना का नसतील?" त्या दिवशी मला ती आवडली नाही. का ते मी स्वतःला विचारलं नाही.

गुरुवारी घरी येताना विचारलं. बसमध्ये खिडकीपाशी बसून मी ते हायसं वाटणं पुन्हापुन्हा काढून बघत होते. दुसऱ्या कुणा बाईला तसं ऐकवलं असतं तर ती उसळली असती, रडली असती, लव्हॉनच्या मागे धावली असती की अगं तसं काही नाही. मला तो आरोप कपड्यासारखा अंगाला बरोबर बसला. कुठं टोचलं नाही, कुठं घट्ट झालं नाही. आणि आयता आणलेला कपडा इतका बरोबर कसा बसतो, या प्रश्नाशी आले की मला अर्नेस्टीन आठवायची. अर्नेस्टीन हँडी पट्ट्यावर माझ्या डाव्या हाताला उभी असायची. अकरा वर्षं. माझी सुरी बोथट झाली की ती न बोलता आपली पुढं करायची. हात अगदी गारठले की माझे हात आपल्या काखांत घालून उभी राहायची, वर "गोऱ्या लोकांना थंडी सोसत नाही, आम्हाला काय, आमचं मूळच आईसलँडचं," असं म्हणून पट्ट्यावरच्या सगळ्यांना हसवायची. आणि साडेअकराला भोंगा झाला की ती खिडकीजवळच्या टेबलावर जायची आणि मी दाराजवळच्या. तसं कुणी सांगितलं नव्हतं. कुठं लिहिलेलं नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही तिनं मला बोलावलं नाही, मी तिला बोलावलं नाही, आणि दोन टेबलांमध्ये पाचसहा पावलांचं अंतर होतं. ती वारली तेव्हा रुळांपलीकडच्या त्यांच्या चर्चमध्ये मी गेले होते. म्हणजे चर्चच्या आवारापर्यंत. गाडी लावली आणि आत बसून राहिले. आतून गाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, मी आत गेले की सगळे वळून बघतील, तिथं मी एकटीच गोरी असेन. अर्नेस्टीननं अकरा वर्षं माझे गारठलेले हात आपल्या काखांत सोसले, आणि मला मात्र एक तास लोकांनी वळून बघितलेलं सोसणार नव्हतं. गाडी वळवून परत आले. बॉनीला सांगितलं, सुट्टी मिळाली नाही.

शनिवारी बाजारात लव्हॉन भेटली. ती चाकांची खुर्ची ढकलत होती. खुर्चीत तिची आई होती. पांघरुणावर दोन्ही हात ठेवलेले, आणि त्या हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत गाठीच गाठी. मूत्रपिंडं गेलेल्या माणसाचे हात असे होतात, रक्त शुद्ध करायला आठवड्यातून तीनदा सुया टोचून. मी डब्यांच्या रांगेआड वळणार होते, पण लव्हॉननं बघितलं.

"मिस डार्लीन," ती म्हणाली. "घाबरू नका, इथं नाही सही मागत."

"मी कशाला घाबरू?" मी म्हणाले.

म्हातारीनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "हीच का गं ती?"

"हीच."

"दिसायला तर बरी आहे," म्हातारी म्हणाली, जणू मी तिथं नव्हतेच. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे बघ बाई, माझ्या हातात आता दोनच जागा उरल्यात. दर वेळी कुणीतरी नवीन पोरगी येते आणि खणत बसते, विहीर खणतात तशी. माझी लव्हॉन शिकली की ती टोचणार मला. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी. तुला नाही लावायचा ना हात? नको लावूस. माझं काही अडलं नाही."

लव्हॉननं खुर्ची वळवली. जाताना मागं न बघता म्हणाली, "सोमवारी या मात्र. पळू नका." मी तिथंच उभी राहिले. मला त्या म्हातारीचा राग आला, तिच्या गाठींचा राग आला, लव्हॉनच्या सरळ पाठीचा राग आला. राग असला की मला बरं वाटतं, त्यात मी उबदार असते.

रविवारी भांडी घासताना करंगळीकडे लक्ष गेलं. नळ कढत झाला होता आणि चटका बसला तो फक्त करंगळीला. हे मला नऊ वर्षं ठाऊकच होतं. करंगळी पहिल्यापासून शहाणी, तिची नस वेगळ्या वाटेनं जाते म्हणून ती वाचली, एवढं त्या नर्सनंसुद्धा सांगितलं होतं. पण करंगळीचा कुणाला काय उपयोग? मी हात पुसले. उकडलेल्या नूडल्समधली एक काढून ओट्यावर ठेवली, वर भांडी पुसायचं फडकं टाकलं, डोळे खरोखर घट्ट मिटले आणि करंगळीनं चाचपत गेले. सापडली. फडक्याची दुहेरी घडी केली. सापडली. मग मी डाव्या दंडाला कमरेचा पट्टा आवळला आणि उजव्या करंगळीनं आपल्याच कोपराच्या खळगीत दाबून पाहिलं. आधी नुसतं मांस, मग एक कडक दोरी, ती दोरी शीर नसते हे मी शिकले होते. तिच्या शेजारी काहीतरी दबलं आणि परत वर आलं. पुन्हा दाबलं. पुन्हा वर आलं. मी तशीच ओट्याला टेकून किती वेळ उभी होते कोण जाणे. मला जिवंत काहीतरी लागलं होतं, आणि ते मीच होते. रडले बिडले नाही. पण पट्टा सोडायचं विसरले आणि हात निळा पडला.

सोमवारी मी लव्हॉनच्या समोर जाऊन बसले. तिनं बाही वर केली. "नाव सांग आणि जन्मतारीख," मी म्हणाले. सुई टोचण्याआधी हे विचारायचंच असतं, समोर सख्खी बहीण असली तरी.

"तुम्हाला माहीत नाही माझं नाव?"

"सांगायला लागतं."

"लव्हॉन मे पर्नेल," तिनं एकेक शब्द टेबलावर आपटल्यासारखा म्हटला आणि तारीख सांगितली. मी तिच्या दंडाला रबरी पट्टा बांधला, मूठ वळायला सांगितलं. मोज्यातली चार बोटं मी आत वळवून घेतली, कारण ती मधे आली की मला काही सुधरत नाही, आणि करंगळी तेवढी बाहेर काढून तिच्या कोपराच्या खळगीत टेकवली. शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. मी मान वर केली नाही. पण मला एकदम दिसलं, म्हणजे सगळ्यांना काय दिसत असेल ते दिसलं. बोटं दुमडून, टोकाशी एक करंगळी पुढं काढून, गोरी बाई काळ्या बाईच्या हाताला शिवते आहे.

"अरे वा," लव्हॉन हळूच म्हणाली. "करंगळी. बाकीची बाटतील का?"

मी दाबत राहिले. तिचा हात उबदार होता, मोज्यातूनही कळत होतं, आणि करंगळीखाली आधी काहीच नव्हतं, मऊ, भरलेलं, सगळीकडे सारखं. घाम माझ्या भुवईवर आला. मी आतल्या बाजूला सरकले आणि तिथं ती होती. खोल, जाड, शांत. दाबली की जायची, सोडली की यायची. डोळ्यांना तिथं काहीसुद्धा नव्हतं. मी तिथली जागा मनात पक्की धरली, स्पिरिटनं पुसली, वाळेपर्यंत थांबले, आणि सुई घातली. नळीत रक्त आलं. पहिल्या झटक्यात. निळ्या टोपणाची, मग लाल, मग जांभळी, तिन्ही भरल्या. पट्टा सोडला, सुई काढली, कापूस दाबला. मिसेस रेनशॉ माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या हे मला तेव्हा कळलं.

"रक्त चांगलं आलं," त्या म्हणाल्या. "बोट चुकीचं. ही कुठली पद्धत?"

"सवय," मी म्हणाले.

"मोड ती," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या टेबलाकडे वळल्या. तिथंच उभ्या राहिल्या, हातभर अंतरावर.

लव्हॉननं माझा कागद ओढला, पेन काढलं, आणि चौकोनावर टोक टेकवून थांबली. "एक विचारू, मिस डार्लीन? खरं सांगायचं मात्र. मला हात लावायला तुम्हाला किळस येते का?"

खरं माझ्या जिभेवर आलं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मला कळत नाही, बोटांत. पण मिसेस रेनशॉंचा कान हातभर अंतरावर होता, आणि त्या कानाच्या पलीकडे उबदार खोली होती, खुर्ची होती, अर्ध्या बाह्या होत्या, आणि अलीकडे काय होतं? दुसरं कॉलेज नाही, दुसरं पत्र नाही, पन्नाशी उलटलेली एक बाई आणि गाव बदलून पुन्हा एखादा गार पट्टा. नुसतं नाही म्हटलं तर मग करंगळी का, हा प्रश्न आलाच असता. मी लव्हॉनच्या डोळ्यांत बघितलं. "हो," मी म्हणाले. "येते."

टेरेलनं हातातली नळी खाली ठेवली. मिसेस रेनशॉंनी मान वळवली नाही, पण त्या ताठ झाल्या. लव्हॉनच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिनं सही केली, पूर्ण नाव, सावकाश. "शीर एका झटक्यात धरलीत," ती म्हणाली. "सही त्याची आहे." आणि कागद माझ्याकडे सरकवला. अकरा चौकोन भरले. मला वाटलं होतं आता हायसं वाटेल. वाटलं नाही.

"आता बोटातून थेंब," मिसेस रेनशॉंनी टाळी वाजवली. "जोड्या त्याच. मधलं बोट घ्या नाहीतर अनामिका. करंगळीला कधी टोचायचं नाही, तिथं कातडीखाली लगेच हाड असतं." हे ऐकून मला हसू येणार होतं. मी डावा हात टेबलावर टाकला. लव्हॉननं माझं मनगट धरून तो उलटा केला, मासळी उलटवतात तसा. मला तिच्याकडे बघायचं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर गाड्या लावायच्या जागेत दिव्याच्या खांबावर समुद्रपक्षी बसले होते, आणि एक पोरगी गाडीच्या टपावर कॉफी विसरून गाडी सुरू करत होती. खोलीभर बोट टोचायच्या छोट्या यंत्रांच्या बटणांची टकटक चालली होती, आणि प्रत्येक टकटकीमागे कुणीतरी "आई गं" म्हणत होतं. मी वाट बघत होते. तिनं मुद्दाम लांबवलंय, मला वाटलं. तिनं दोनदा टोचलं तरी मी हूं की चूं करणार नव्हते.

"टोच ना," मी म्हणाले. "किती वेळ?"

मी मान वळवली. माझ्या मधल्या बोटावर रक्ताचा टपोरा थेंब उभा होता. शेजारी लाल डाग पडलेला कापूस होता. पहिला थेंब पुसून टाकायचा असतो, तो पुसून झाला होता. हा दुसरा होता. लव्हॉन थेंबाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

तिनं पेन घेतलं. टोक माझ्या पहिल्या बोटावर दाबलं, अंगठ्यावर दाबलं, आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांकडे बघितलं. करंगळीवर टेकवलं तेव्हा माझा हात झटक्यानं मागं आला. तिनं तो परत ओढून घेतला.

"किती?" तिनं विचारलं. आवाज इतका हळू की टकटकीत बुडाला असता.

"साडेतीन. दोन्ही हातांची."

"कोंबड्या?"

"कोंबड्या."

"म्हणून करंगळी." तिनं बोटावरचा थेंब पुसला. "आणि मला ते म्हणालीस तू. सगळ्यांसमोर."

"हो."

"माझ्या आईला शनिवारी बघितलंस ना? दोन जागा उरल्यात तिच्या हातात. दवाखान्यात जाऊन तू तिच्यासमोर ही बोटं घेऊन उभी राहिली असतीस."

"राहिले असते," मी म्हणाले.

"काय चाललंय तिकडे?" मिसेस रेनशॉ आमच्या टेबलाशी आल्या. मी लव्हॉनकडे बघितलं. तिनं सांगावं अशी माझी इच्छा होती. तिनं सांगितलं असतं, बोट दाखवून, आवाज चढवून, तर मला उरलेला जन्म तिचा राग करता आला असता. ही पर्नेल बाई, हिनं माझं वाटोळं केलं, असं मी बॉनीला सांगितलं असतं, दुकानात सांगितलं असतं, स्वतःला सांगितलं असतं. तेवढंही सुख तिनं दिलं नाही. ती गप्प बसली, माझं बोट हातात धरून.

"मला बोटांत कळत नाही," मी म्हणाले. माझा आवाज भांडल्यासारखा आला. "साडेतीन बोटांत. नऊ वर्षं झाली. लिहून घ्या."

मिसेस रेनशॉंनी चष्मा काढला. "बाकीच्या दहा जणांना तू—"

"डोळ्यांनी. बघून."

टेबलावरचा माझा कागद त्यांनी उचलला, अकराही चौकोन भरलेला, त्याची नीट चौघडी केली आणि कोटाच्या खिशात घातला. "तास संपला की थांब," म्हणाल्या, आणि टेरेलला काहीतरी सांगायला गेल्या. आवाज कडक नव्हता. कडक असता तर बरं झालं असतं.

लव्हॉननं कापसाचा नवा बोळा घेतला. "म्हणजे मघाशी म्हणालीस ते खोटं होतं तर," ती म्हणाली. "किळसबिळस." तिचा आवाज बदलला होता, फार नाही, दार नुसतं ढकललेलं असावं तेवढा. मला फक्त हो म्हणायचं होतं. हो, खोटं होतं, मी तशी नाही, बोटांमुळं सगळं झालं. ते खरंही वाटलं असतं. तिनं मानही डोलावली असती. माझं सगळं गेलं होतं आणि ही एक गोष्ट मला फुकट मिळत होती. माझ्या डोळ्यांसमोर खिडकीजवळचं टेबल आलं, दाराजवळचं टेबल आलं, आणि गाडीच्या बंद काचेतून येणारं ते गाणं.

"सगळं नाही," मी म्हणाले. "सगळं खोटं नव्हतं."

ती बघत राहिली. मला वाटलं आता ती हात झिडकारून उठेल, आणि तिनं तसं केलं असतं तर तिचं काही चुकलं नसतं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. टोचल्यावर दोन मिनिटं बोट दाबून धरायचं असतं, तसा नियम आहे. तिनं कापूस माझ्या बोटावर ठेवला, वरून आपली मूठ वळली आणि घड्याळावर नजर ठेवून दाबून धरला. चांगला जोरात धरला असणार, कारण तिची नखं पांढरी पडली होती. मला ते नुसतं दिसत होतं.